अस्तराची शिवण : उभ्या शिवणीवर चुण्या आणि काखेत फसकलेले कापड, मशीनमध्ये काय बदलावे?

सुईदोरा (सांगली)

नमस्कार. मी घरीच शिवणकाम करते. ब्लाऊज, कुर्ते आणि जुन्या साड्यांपासून शिवलेले लांब गाऊन हे माझे मुख्य काम असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक कपड्याला अस्तर लावावे लागते. माझ्याकडे मोटर बसवलेले एक जुने काळे मशीन आहे आणि झिगझॅग करणारे एक नवे मशीन आहे. टू बाय टू किंवा कॅम्ब्रिकसारख्या सुती अस्तरावर दोन्ही मशीनची टीप सरळ आणि सपाट येते. क्रेप आणि सॅटिनच्या अस्तरावर मात्र दोन वेगवेगळ्या तक्रारी उभ्या राहतात, आणि त्यांचे मूळ एकच आहे की दोन, याचा मला उलगडा होत नाही.

पहिली तक्रार चुण्यांची. गाऊनच्या क्रेप अस्तराच्या कळ्या (घेराकडे रुंद होत जाणारे उभे तुकडे) जोडताना कमरेपासून घेरापर्यंतच्या लांब उभ्या शिवणी आवळल्यासारख्या दिसतात. कापड मशीनवरून उतरते तेव्हा दोष फारसा जाणवत नाही, इस्त्री फिरवली की शिवण सपाटही होते, पण दुसऱ्या दिवशी हँगरवरचा कपडा पाहावा तर शिवणीच्या दोन्ही बाजूंना बारीक लाटा उमटलेल्या असतात. कमरेच्या आडव्या जोडावर हाच दोष जवळजवळ दिसत नाही.

दुसरी तक्रार फसकण्याची. सॅटिनचे अस्तर लावलेल्या प्रिन्सेस कट ब्लाऊजमध्ये पाठीच्या आणि काखेच्या शिवणीपाशी कापड विरल्यासारखे होते. दोरा तुटलेला नसतो, टीप शाबूत असते, परंतु टाक्यांच्या शेजारचे धागे बाजूला सरकून मध्ये जाळी दिसू लागते. गिऱ्हाईक शिवण उसवल्याची तक्रार घेऊन येते, आणि पाहावे तर एकही टाका उसवलेला नसतो.

सध्या मी १४ नंबरची सुई वापरते, टाक्याची लांबी ३ वर आणि वरच्या दोऱ्याचा ताण ४ वर ठेवते. दोरा नेहमीचा स्पन पॉलिस्टरचा असतो. ताण सैल करून पाहिला तर खालच्या बाजूला दोऱ्याचे फास दिसतात आणि घट्ट केला तर चुण्या वाढतात. सुई, दोरा, ताण, पायाचा (कापड वरून दाबून धरणाऱ्या प्रेसर फूटचा) दाब आणि टाक्याची लांबी यांपैकी नेमके काय आणि कोणत्या क्रमाने बदलावे? चुण्यांसाठी केलेला बदल फसकण्याला खतपाणी तर घालणार नाही ना, हेही जाणकारांनी सांगावे.

टीपकाम (सोलापूर)

ताई, आपला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो. मी सोलापुरात गणवेशांच्या कारखान्यात ब्लेझरच्या विभागात काम करतो, त्यामुळे टॅफेटाचे अस्तर रोज हाताखालून जाते आणि या दोन्ही दोषांशी रोज गाठ पडते. चुण्या कमी करायच्या तर टाके लांब आणि विरळ असलेले बरे, कारण प्रत्येक टाक्यागणिक कापडात दोऱ्याची भर पडते. फसकणे थांबवायचे तर टाके लहान आणि दाट हवेत, कारण सरकू पाहणारे धागे धरून ठेवायला टाक्यांची संख्या लागते. म्हणजे फक्त लांबीचे बटण फिरवत राहिलो तर एक तक्रार मिटवून दुसरी वाढवण्यापलीकडे काही साधत नाही. या पेचातून सुटण्याचा मार्ग सुई आणि दोरा दोन्ही बारीक करण्याचा आहे. ते बारीक झाले की टाके दाट करूनही कापडात गर्दी होत नाही. म्हणून माझ्या मते क्रम असा असावा : आधी सुई, मग दोरा, त्यानंतर टाक्याची लांबी, मग पायाचा दाब आणि सर्वांत शेवटी ताण. ताणाची चकती मशीनच्या दर्शनी भागात असते म्हणून बहुतेकांचा हात प्रथम तिच्याकडेच जातो, आणि एकदा ती हलली की बाकीच्या दोषांचा माग लागत नाही.

१४ नंबरची सुई म्हणजे ९० नंबरची सुई, आणि तिच्या दांडीची जाडी ०.९० मिलिमीटर असते. ११ नंबरची म्हणजे ७५ आणि ९ नंबरची म्हणजे ६५. क्षेत्रफळाचा हिशोब केला तर ९ नंबरच्या सुईचे भोक १४ नंबरच्या भोकाच्या जेमतेम निम्मे भरते. सुती कॅम्ब्रिकचे धागे केसाळ आणि लवचीक असतात, ते भोकाभोवती पुन्हा जवळ येतात. क्रेप आणि सॅटिनचे सलग, गुळगुळीत धागे मात्र बाजूला ढकलले गेले की तिथेच राहतात. म्हणून अस्तरासाठी ९ किंवा फार तर ११ नंबरची, तीक्ष्ण टोकाची सुई लावावी आणि ती नवी असावी. बोथट सुई ओळखण्याची एक खूण सांगतो : शिवणीपासून आडवी निघालेली, एखादा धागा ओढला गेल्यासारखी बारीक चकाकती रेघ दिसली, तर सुईचे टोक धागा बाजूला सारण्याऐवजी त्याला ओढून नेत आहे असे समजावे. अशी सुई जाड कापडावर आणखी चालेल, अस्तरावर चालणार नाही.

दोऱ्याबाबत दुकानात रिळावरचा टिकट नंबर पाहावा. हा आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक. ३००० ला त्या आकड्याने भागले की दोऱ्याचा टेक्स (हजार मीटर दोऱ्याचे ग्रॅममधले वजन) साधारणपणे मिळतो, म्हणजे १२० चा दोरा सुमारे २५ टेक्सचा आणि १८० चा सुमारे १७ टेक्सचा. सर्वसाधारण शिवणकामाला १२० ठीक आहे. क्रेपच्या लांब शिवणीला १८० आणि ९ नंबरची सुई अशी जोडी मी लावीन. लॉकस्टिचमध्ये, म्हणजे मशीनच्या नेहमीच्या सरळ टिपेत, वरच्या आणि खालच्या दोऱ्याची गुंफण दोन पदरांच्या मध्ये लपली पाहिजे असे आपण शिकतो, परंतु पातळ अस्तराचे दोन पदर एकत्र धरले तरी जाडी मिलिमीटरच्या काही दशांशांपलीकडे जात नाही. इतक्या कमी जागेत जाड दोऱ्यांची गुंफण मावत नाही, आणि मग ती वर दिसते, खाली दिसते किंवा कापडाला आवळून स्वतःसाठी जागा करून घेते.

आता चुण्यांचे मूळ शोधण्याची चाचणी. त्याच कापडाच्या दोन पट्ट्या, उभ्या धाग्यावर, हातभर लांब कापाव्यात, दोन्हींवर सारख्या अंतराने पेन्सिलच्या खुणा कराव्यात आणि टीप मारावी. टीप मारून झाल्यावर आधी खुणा पाहाव्यात. वरच्या पट्टीच्या खुणा पुढे सरकलेल्या असतील आणि खालची पट्टी तेवढी चुणलेली असेल, तर दोष कापड सरकवण्याच्या क्रियेत आहे. पायाखालचे दाते खालचा पदर ओढतात आणि पाय वरच्या पदराला मागे धरतो. दोन्ही पदर सारखेच चुणले असतील, तर कात्रीच्या टोकाने वरचा दोरा दर दोन-तीन इंचांवर अलगद कापावा. दोरा कापताच कापड मोकळे होऊन सपाट पडले तर दोष ताणाचा आहे. दोरा कापूनही लाटा तशाच राहिल्या तर कापडात दोऱ्याला जागाच नाही, आणि त्यावर बारीक सुई, बारीक दोरा व थोडा तिरपा धागा एवढेच उपाय आहेत.

आपल्या वर्णनात दुसऱ्या दिवशी लाटा उमटतात हा तपशील मला फार बोलका वाटतो. पॉलिस्टरचा दोरा ताणला की लांबतो आणि नंतर सावकाश आखडतो. शिवताना तो ताणलेल्या स्थितीत कापडात बसला, तर पुढच्या काही तासांत आखडताना कापडालाही सोबत घेतो. यात वरच्या ताणाइतकाच दोष बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) भरण्याच्या पद्धतीत असतो, याकडे सहसा लक्ष जात नाही. मोटर पूर्ण वेगाने सोडून बॉबिन भरली की दोरा ताणलेल्या अवस्थेतच तीवर गुंडाळला जातो. अस्तरासाठी बॉबिन हळू भरावी, शक्य तर आदल्या दिवशी भरून ठेवावी, आणि काठोकाठ भरू नये.

आडव्या शिवणीवर दोष दिसत नाही, याचेही कारण कापडात आहे. बहुतेक अस्तरांत उभे धागे आडव्यांपेक्षा दाट असतात, त्यामुळे उभ्या शिवणीत गर्दी जास्त होते. आडव्या शिवणीत ती कमी असते आणि तिरप्या शिवणीत सर्वांत कमी, कारण तिरपे कापड स्वतःच थोडे सैल होऊन दोऱ्याला सामावून घेते. कळ्या कापताना एक बाजू अगदी सरळ उभ्या धाग्यावर आणि सगळा उतार दुसऱ्या बाजूला, अशी पद्धत आपण वापरत असाल तर ती अस्तरापुरती बदलावी. उतार दोन्ही बाजूंना वाटून दिला की कोणतीच शिवण ठार उभ्या धाग्यावर येत नाही. मात्र अशा कळ्या जोडून झाल्यावर एक रात्र टांगून ठेवाव्यात आणि मगच खालचा घेर सारखा करून दुमडावा, कारण तिरप्या कडा स्वतःच्या वजनाने थोड्या उतरतात.

टाक्याची लांबी बारीक सुई-दोरा लावल्यावर २ ते २.५ मिलिमीटर ठेवावी, म्हणजे इंचाला सुमारे दहा ते बारा टाके पडतील. शिवताना डावा हात मशीनच्या मागे आणि उजवा पुढे ठेवून कापड दोन्हीकडून सारखे ताठ धरावे. ओढू मात्र नये, कारण ओढल्यास सुई वाकते आणि टाके कमी-जास्त लांबीचे पडतात.

रीडपीक (इचलकरंजी)

टीपकाम यांनी चुण्यांबद्दल सविस्तर लिहिले आहे, त्यामुळे मी फक्त फसकण्याबद्दल लिहिते. माझे काम कापडाच्या तपासणीचे आहे आणि शिवणीपाशी धागे सरकणे ही तपासणीतली ठरलेली बाब आहे.

पहिली गोष्ट अशी की आपण जे वर्णन केले आहे त्यात दोष शिवणीपेक्षा कापडाच्या विणीत अधिक आहे. साध्या विणीत प्रत्येक उभा धागा एका आडव्या धाग्याच्या वरून आणि पुढच्याच्या खालून जातो, म्हणून त्याला पावलोपावली अडवणूक होते. पाच धाग्यांच्या सॅटिन विणीत तो चार धाग्यांवरून मोकळा जाऊन एकदाच खाली गुंफला जातो. सॅटिनची चकाकी या मोकळ्या धाग्यांमुळेच येते आणि त्यांचे सरकणेही त्यामुळेच होते. त्यात धागा कापसाचा नसून पॉलिस्टरच्या सलग तंतूंचा असला, तर घर्षण आणखी घटते. पाठीची शिवण उभी असते आणि श्वास घेताना किंवा हात पुढे नेताना पडणारा ओढा आडवा असतो. तेव्हा शिवणीला समांतर असलेले उभे धागे आडव्या धाग्यांवरून घसरत शिवणीपासून दूर जातात आणि मागे फक्त आडवे धागे उरतात. आपल्याला दिसणारी जाळी ती हीच.

प्रयोगशाळेत यासाठी आयएसओ १३९३६ या मानकाखाली चाचण्या होतात. त्यांपैकी एका चाचणीत शिवलेला नमुना यंत्रात धरून कपड्याच्या हलक्या कापडाला ६० न्यूटन, म्हणजे सुमारे सहा किलो वजनाइतका ओढा देतात आणि शिवण किती मिलिमीटर उघडली ते मोजतात. दुकानात उभ्या उभ्या करता येईल अशी चाचणी याहून सोपी आहे. कापड दोन्ही हातांच्या चिमटीत जवळजवळ धरून दोन्ही अंगठे एकमेकांपासून दूर दाबत न्यावेत, आधी आडव्या दिशेने आणि मग उभ्या दिशेने. मध्ये धागे विरळ झाले आणि हात काढल्यावरही ती फट मिटली नाही, तर ते कापड घट्ट बसणाऱ्या ब्लाऊजच्या अस्तरासाठी घेऊ नये, मग त्याचा रंग कितीही जुळत असो. हेच कापड सैल गाऊनला चालू शकते, कारण तिथे शिवणीवर ओढा पडत नाही.

मशीनपुरते बोलायचे तर टाक्याची लांबी ३ वरून २ वर आणल्यास निश्चित फरक पडतो, आणि सुई बारीक करण्याचा फायदा इथेही आहे, कारण जाड सुईने पाडलेल्या भोकांच्या रांगेपासूनच धाग्यांचे सरकणे सुरू होते. परंतु याहून मोठा फरक मायेमुळे, म्हणजे टिपेच्या बाहेर कडेला सोडलेल्या जादा कापडामुळे, पडतो. सॅटिनला पाव इंच माया ठेवली तर टिपेच्या पलीकडे धरून ठेवायला धागेच उरत नाहीत. किमान अर्धा इंच, आणि काखेत व पाठीवर त्याहून थोडी अधिक माया ठेवावी. पहिल्या टिपेपासून दोन-तीन मिलिमीटरवर, मायेच्या बाजूला, दुसरी टीप मारावी आणि कडेला इंटरलॉक करावे. फ्रेंच शिवणही उपयोगी आहे, पण वक्र मुंड्यात ती जाड होते. ज्या ठिकाणी ओढा हमखास पडतो तिथे सुती कापडाच्या किनारीची अरुंद पट्टी शिवणीत घेतली तर भार अस्तराऐवजी ती पट्टी उचलते.

माझे स्पष्ट मत विचाराल तर घट्ट ब्लाऊजला सॅटिनचे अस्तर लावूच नये. आपल्याकडच्या ब्लाऊजमध्ये अस्तर फक्त आतून झाकण्यापुरते नसते. वरचे रेशीम नाजूक असल्यामुळे शिवणीवरचा सगळा भार अस्तराने पेलावा अशी अपेक्षा असते. ते काम भिजवून, वाळवून, इस्त्री केलेले सुती कॅम्ब्रिकच करू शकते. भिजवण्याची पायरी चुकवू नये, कारण शिवल्यानंतर पहिल्या धुण्यात सुती अस्तर आटले की वरच्या कापडावर चुण्या पडतात आणि मग त्या कोणत्याही इस्त्रीने जात नाहीत.

मशीनमिस्त्री (बेळगाव)

मी दुरुस्तीच्या बाजूने चार गोष्टी सांगतो. वरच्या दोन्ही प्रतिसादांत कापड आणि दोरा आला, परंतु ताईंकडे दोन मशीन आहेत आणि अस्तरासाठी त्यांपैकी कोणते घ्यावे हे कोणी सांगितले नाही. माझे उत्तर आहे, काळे मशीन. झिगझॅग मशीनच्या प्लेटला सुई डावी-उजवी फिरावी म्हणून आडवे लांबट भोक असते, आणि पातळ अस्तर सुईबरोबर त्या भोकात खाली दबले जाते. टीप सुरू करताना कापडाचा कोपरा दात्यांच्या आत ओढला जाण्याचे कारणही तेच आहे. काळ्या मशीनला सुईपुरते गोल भोक असते, त्यामुळे कापडाला चारही बाजूंनी आधार मिळतो. झिगझॅग मशीनच वापरायचे असेल तर त्यासाठी सरळ टिपेची गोल भोकाची प्लेट मिळते का ते पाहावे; ती मिळत नसेल आणि सुईची जागा बदलण्याची सोय असेल, तर सुई डाव्या टोकाला घ्यावी, म्हणजे निदान तीन बाजूंनी आधार राहतो. प्लेट गोल भोकाची लावली असताना मात्र चुकूनही झिगझॅग लावू नये, सुई प्लेटवर आपटून तुटते.

काळ्या मशीनवर पायाचा दाब डाव्या टोकाला, पायाच्या दांडीवर असलेल्या उभ्या स्क्रूने कमी-जास्त होतो. तो सैल केला की दाब कमी होतो. किती करावा याची खूण कापडच देते. टीप मारून झाल्यावर खालचा पदर उजेडात तिरका धरून पाहावा; शिवणीच्या दोन्ही बाजूंना दात्यांच्या ठशांच्या चकाकत्या ठिपक्यांच्या रांगा दिसल्या तर दाब जास्त आहे. स्क्रू अर्धा-अर्धा फेरा सैल करत ठसे नाहीसे होईपर्यंत यावे आणि तिथे थांबावे. त्यापुढे सैल केल्यास कापड डावी-उजवीकडे घसरू लागते आणि टीप वाकडी होते. काही मॉडेलमध्ये दाते खाली घेण्याचा खटका असतो आणि त्यात अर्धवट खाली घेण्याची खाचही असते. ती पातळ कापडासाठीच दिलेली असते, परंतु फारच थोडे लोक ती वापरतात.

सैल ताणावर खाली फास येतात आणि घट्ट ताणावर चुण्या पडतात, असे ताईंनी लिहिले आहे. खाली दिसणारे फास वरच्या दोऱ्याचे असतात, त्यासाठी बॉबिनला दोष देऊ नये. मात्र चुण्या न पडता समतोल साधायचा असेल तर वरचा आणि खालचा असे दोन्ही ताण उतरवावे लागतात, एकटा वरचा उतरवून भागत नाही. प्रथम पाय वर उचलून दोरा नव्याने ओवावा, कारण पाय खाली असताना ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्या मध्ये नीट बसत नाही. मग बॉबिन केस (बॉबिन बसते ती डबी) बाहेर काढून तिच्यावरच्या, दोरा दाबून धरणाऱ्या पट्टीखालचा कचरा काढावा. तिथे दोऱ्याचे तूस साचले की ताण कधी घट्ट तर कधी सैल असा लागतो. त्यानंतर केस दोऱ्याला धरून हवेत लोंबती ठेवावी. सुती कापडासाठी ती स्थिर राहावी आणि हलका झटका दिल्यावर इंच-दोन इंच उतरावी. क्रेपसाठी ती स्वतःच्या वजनाने अगदी सावकाश उतरू लागेल इतपत पट्टीचा मोठा स्क्रू सैल करावा. हा स्क्रू घड्याळाच्या काट्याच्या रेषाभर हलवला तरी फरक पडतो, म्हणून हलवण्यापूर्वी त्याच्या खाचेची दिशा लिहून ठेवावी. सर्वांत सोयीचे म्हणजे अस्तरासाठी दुसरी बॉबिन केस विकत घेऊन ती कायमची सैल लावून ठेवावी. तिची किंमत फार नसते आणि रोजचे काम बिघडत नाही. खालचा ताण असा ठरला की वरचा ताण फास बंद होतील इतपतच ठेवावा.

समतोल पाहायला वर लाल आणि खाली पांढरा दोरा घालून कापडाच्या तिरप्या घडीवर टीप मारावी आणि ती दोन्ही हातांनी ओढावी. जो दोरा आधी तुटेल त्याचा ताण जास्त.

एक सावधगिरी. ज्या मशीनवर वर्षानुवर्षे १६ किंवा १८ नंबरची सुई चालली, त्याच्यावर एकदम ९ नंबरची लावली तर टाके सुटू शकतात, कारण बारीक सुई आणि शटलचे (वरच्या दोऱ्याचा फास पकडणाऱ्या खालच्या भागाचे) टोक यांच्यात अंतर वाढते आणि टोकाला दोऱ्याचा फास सापडत नाही. असे झाले तर सुई खराब निघाली असे समजून दुसरी सुई लावत बसू नये. ११ नंबरवर यावे किंवा मिस्त्रीकडून शटलचे अंतर जुळवून घ्यावे. सुई घेताना काळ्या आणि झिगझॅग मशीनला चपट्या दांडीची घरगुती सुई लागते, कारखान्यातल्या मशीनची गोल दांडीची लागत नाही, हे दुकानात आवर्जून सांगावे.

सुईदोरा (सांगली)

तिघांचेही मनापासून आभार. पट्ट्यांची चाचणी केली. खुणा एकमेकींसमोरच राहिल्या आणि वरचा दोरा कापताच क्रेप सपाट पडले, म्हणजे दोष ताणाचा होता. बॉबिन हळू भरून, ११ नंबरची सुई आणि १८० चा दोरा लावून, २.२ लांबीवर काळ्या मशीनवर शिवलेली शिवण दुसऱ्या दिवशीही सपाट राहिली आहे. काळ्या मशीनवर ९ नंबरच्या सुईने खरोखरच टाके सुटले, त्यामुळे तो सल्ला विशेष उपयोगी पडला. सॅटिनचे अस्तर यापुढे घट्ट ब्लाऊजला लावणार नाही.

आता एक उपप्रश्न. पैठणीच्या ब्लाऊजला सुती अस्तर जोडताना दोन्ही कापडे कडेने एकत्र टिपून घेते, तेव्हा शेवटी एक कापड पाव इंच पुढे सरकलेले असते. हा दोषही दाबाचाच आहे का? आणि अस्तरासाठी बदललेली मांडणी पैठणीसकट शिवताना तशीच ठेवावी का?

टीपकाम (सोलापूर)

सरकणे दाबामुळे आणि दात्यांमुळेच होते, परंतु इथे दाब कमी करण्याआधी पदरांची अदलाबदल करून पाहावी. दात्यांच्या बाजूचा पदर नेहमी थोडा जास्त आत घेतला जातो, म्हणून जे कापड सैल किंवा लांब पडत असेल ते खाली ठेवावे. आपल्या बाबतीत पैठणी वर आणि अस्तर खाली ठेवल्यास रेशमावर दात्यांचे ठसे पडण्याचा धोकाही टळतो. कडेने टीप मारण्यापूर्वी मधोमध आणि टक्सच्या रेषांवर हाताने तिरपा धावदोरा घालून घ्यावा. टाचण्या लावायच्या असतील तर फक्त मायेच्या आत लावाव्यात, कारण रेशमावर टाचणीचे भोक कायमचे राहते. एकदा मारलेली टीप उसवली तर तिच्या खुणाही त्यावर राहतात, म्हणून मापाची खात्री धावदोऱ्यावरच करावी.

मांडणी तशीच ठेवू नये. अस्तर जोडलेल्या ब्लाऊजच्या बाजूच्या शिवणीत रेशमाचे दोन आणि सुताचे दोन असे चार पदर येतात आणि काठाजवळ जरही येते. तिथे ११ नंबरची नवी सुई, १२० चा दोरा, २.५ लांबी आणि पुन्हा नेहमीची बॉबिन केस घ्यावी. दाबही थोडा वाढवावा, नाहीतर जरीच्या जाडीवर पाय उचलला जाऊन टाके लहान पडतात. जर लागली की सुईचे टोक लवकर बोथट होते, तेव्हा पैठणी शिवलेली सुई क्रेपच्या अस्तराला पुन्हा वापरू नये. कमरेच्या टोकाशी टीप सुरू करताना पहिले काही टाके एखाद्या चिंधीवर मारून तिथून सलग कपड्यावर यावे, म्हणजे सुरुवातीचा गुंता चिंधीत राहतो. शिवण झाल्यावर लगेच माया उलगडून इस्त्री करू नये. आधी टीप मिटलेल्या स्थितीतच उलट बाजूने दाबावी, दोरा कापडात बसू द्यावा आणि मग माया उघडावी. जरीवर इस्त्री थेट टेकवू नये, मध्ये सुती फडके ठेवावे.